दर मंगळवारी येणारी प्रश्नावली: केमोच्या काळातील लक्षण-नोंदणी सेवेचा सहा महिन्यांचा अनुभव

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर माझ्या पत्नीला आठ सायकलची, म्हणजे तीन-तीन आठवड्यांच्या आठ फेऱ्यांची, केमोथेरपी सुरू झाली, तेव्हा रुग्णालयाने औषधांच्या वेळापत्रकाबरोबर आणखी एक कागद हाती दिला. दर मंगळवारी सकाळी मोबाइलवर एक लिंक येईल, त्यातील प्रश्नांची उत्तरे रुग्णाने स्वतः भरावीत, आणि काही गंभीर आढळल्यास परिचारिका संपर्क साधेल, असे त्यावर लिहिले होते. मधल्या कोणत्याही दिवशी त्रास वाढला, तर वेगळी नोंद करण्याचीही सोय होती. चोवीस मंगळवारांपैकी एकवीस मंगळवारी तिने ही प्रश्नावली भरली, आणि त्या अनुभवावरून या सेवेचे हे परीक्षण लिहीत आहे. रुग्णालयाचे किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण गुणदोषांपैकी बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कोणत्याही सेवेला लागू पडणाऱ्या आहेत.

अशा सेवेची गरज का भासते, हे कळण्यासाठी तपासणीच्या खोलीत पाच मिनिटे बसणे पुरेसे आहे. डॉक्टर फाइल चाळत विचारतात, "काय, बरं आहे ना?" त्या प्रश्नाच्या शेवटी असलेल्या ‘ना’मध्येच उत्तर ठरून गेलेले असते. बाहेर रांग आहे हे रुग्णाला माहीत असते, डॉक्टरांना त्रास द्यायला नको असा संकोच असतो, आणि आमच्या बाबतीत तर, त्रास सांगितला तर औषध कमी करतील आणि मग आजार उलटेल, अशी एक न बोललेली भीतीही होती. शिवाय तीन आठवड्यांपूर्वीची मळमळ त्या क्षणी आठवत नाही. आठवतो तो फक्त कालचा दिवस. डॉक्टरांनी फाइलमध्ये नोंदवलेली लक्षणे आणि रुग्णाने स्वतः लिहून दिलेली लक्षणे यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत ही दरी वारंवार दिसली आहे, आणि डॉक्टरांच्या नोंदीत त्रासाची तीव्रता बहुधा कमीच धरलेली आढळते. थकव्यासारखी, डोळ्यांना न दिसणारी लक्षणे त्यात सर्वांत अधिक निसटतात.

आम्हाला मिळालेल्या प्रश्नांची घडण अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तयार केलेल्या ‘प्रो-सीटीसीएई’ या प्रश्नसंचासारखी आहे. त्या मूळ संचात ७८ लक्षणे आणि १२४ प्रश्न आहेत. अर्थात एवढे प्रश्न कोणी एकाच रुग्णाला विचारत नाही. औषधांनुसार त्यातील निवडक प्रश्न घेतले जातात, आणि आमच्या वाट्याला मळमळ, उलटी, जुलाब, भूक, थकवा, तोंड येणे, हातापायांचा बधिरपणा, तळहात-तळपायांची सालटे निघणे अशी अकरा लक्षणे आली. प्रश्न गेल्या सात दिवसांपुरता असतो, आणि या पद्धतीची खरी कर्तबगारी तो ज्या रीतीने विचारला जातो त्यात आहे. वेदना असेल तर ती किती वेळा झाली, सर्वांत जास्त होती तेव्हा किती तीव्र होती, आणि रोजच्या कामांत तिने किती अडथळा आणला, असे तीन वेगळे प्रश्न येतात. थकव्याबद्दल तीव्रता आणि अडथळा एवढेच विचारतात. ‘बरं आहे’ या दोन शब्दांत जे सगळे मिसळून जाते, ते इथे सुटे होते. माझ्या पत्नीने पहिल्याच आठवड्यात थकव्याची तीव्रता ‘मध्यम’ आणि अडथळा ‘खूप जास्त’ असा नोंदवला, तेव्हा तिच्याबरोबर एकाच घरात राहूनही मला ते ठाऊक नव्हते, हे कबूल करायला हवे.

या सेवेने आमच्यासाठी केलेले सर्वांत मोलाचे काम हातांच्या मुंग्यांशी संबंधित आहे, आणि ते जरा सविस्तर सांगावे लागेल. तिच्या केमोत ऑक्सालिप्लॅटिन हे शिरेतून दिले जाणारे औषध होते आणि त्याच्या जोडीला चौदा दिवस घरी घ्यायच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या होत्या. ऑक्सालिप्लॅटिनचा मज्जातंतूंवर दोन प्रकारे परिणाम होतो. एक परिणाम लगेचचा असतो. थंड वस्तूला हात लागला की बोटांत टाचण्या टोचल्यासारखे होते, थंड पाणी घशाला बोचते, आणि काही दिवसांत हे ओसरते. दुसरा परिणाम औषधाच्या एकूण साठत जाणाऱ्या मात्रेबरोबर हळूहळू वाढतो, थंडीशी त्याचा संबंध राहत नाही, आणि तो दुर्लक्षित राहिला तर बोटांचा बधिरपणा महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे, टिकतो. पहिला त्रास सोसायचा आणि दुसऱ्यावर लक्ष ठेवायचे, असे डॉक्टर सांगतात. पण ज्याच्या बोटांत मुंग्या येत आहेत, त्याला त्या पहिल्या प्रकारच्या की दुसऱ्या, हे कसे कळावे?

प्रश्नावलीतील एकट्या उत्तरानेही ते कळत नाही. कळते ते आलेखावरून. दर सायकलला ऑक्सालिप्लॅटिन गुरुवारी दिले जाई, म्हणून मंगळवारची नोंद सायकलच्या सहाव्या, तेराव्या आणि विसाव्या दिवशी पडत असे. पहिल्या तीन सायकलमध्ये सहाव्या दिवशी मुंग्या ‘मध्यम’, तेराव्या दिवशी ‘सौम्य’ आणि विसाव्या दिवशी ‘अजिबात नाही’ अशी उतरण दिसत होती. चौथ्या सायकलला विसाव्या दिवसाची नोंद ‘सौम्य’वर अडकली, आणि अडथळ्याच्या प्रश्नाला तिने प्रथमच शून्याच्या वरचे उत्तर दिले. पाचव्या सायकलच्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर तो आलेख उघडला, क्षणभर थांबले, आणि ‘बरं आहे ना’ न विचारता थेट विचारले, "ब्लाउजची बटणं लावता येतात का?" येत नव्हती. आठवडाभर ती मला न सांगता पुढे बटणे नसलेले कपडे घालत होती. त्या दिवशी ऑक्सालिप्लॅटिनची मात्रा कमी झाली, सहाव्या सायकलनंतर ते बंद झाले आणि गोळ्या तेवढ्या चालू राहिल्या. औषध कमी झाल्याने नुकसान होईल का, ही तिची भीती तेव्हा प्रथमच उघडपणे बोलली गेली, आणि डॉक्टरांनी तिला दहा मिनिटे समजावून सांगितले. तोंडाने जे सांगायला ती कचरत होती, ते रात्री एकटीने मोबाइलवर नोंदवणे तिला सोपे गेले.

आता तक्रारीकडे वळतो, कारण ती तितकीच गंभीर आहे.

दुसऱ्या सायकलच्या नवव्या दिवशी, एका शुक्रवारी, तिला जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत ती आठ वेळा जाऊन आली होती. आम्ही शहाण्या विद्यार्थ्यांप्रमाणे मधली नोंद केली. प्रश्न असा होता, की पातळ शौचाचा त्रास किती वेळा झाला. आणि पर्याय होते कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, वारंवार, जवळजवळ सतत. तिने ‘वारंवार’ निवडले. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि ‘आपली नोंद प्राप्त झाली आहे’ असे वाक्य आले. ‘प्राप्त झाली’ याचा आम्ही ‘कोणीतरी वाचली’ असा अर्थ घेतला, आणि फोनची वाट पाहत बसलो. ती नोंद परिचारिकेने सोमवारी सकाळी उघडली, कारण शनिवारी आणि रविवारी सूचना पाहण्यासाठी कोणाचीच नेमणूक नव्हती. रविवारी पहाटे तिला भोवळ आली म्हणून आम्ही आपत्कालीन विभागात गेलो, सलाइन लागले, दोन दिवस राहावे लागले आणि गोळ्या थांबवल्या गेल्या. नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त शौचाला जावे लागले तर कॅपेसिटाबिन थांबवून रुग्णालयाला कळवायचे असते, हे गोळ्यांच्या माहितीपत्रकात छापलेले होते. प्रश्नावली नसती, तर कदाचित आम्ही ते पत्रक काढून वाचले असते आणि शुक्रवारी रात्रीच तातडीच्या क्रमांकावर फोन केला असता. कळवल्याचे समाधान मिळाल्यामुळे आमची स्वतःची सावधगिरी ढिली पडली, हा या सेवेचा असा दुष्परिणाम आहे, जो कोणत्याही पत्रकात छापलेला नाही.

इथे दोन दोष एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला प्रश्नाच्या शब्दांचा आहे. डॉक्टर जुलाबांची श्रेणी आकड्यांत ठरवतात. नेहमीपेक्षा चारपेक्षा कमी वेळा जास्त असेल तर पहिली श्रेणी, चार ते सहा वेळा जास्त असेल तर दुसरी, सात किंवा त्याहून अधिक असेल तर तिसरी. रुग्णाला मात्र ‘वारंवार’ असा शब्द दिला जातो, आणि त्यात दिवसाला तीनही मावतात आणि नऊही मावतात. जुलाबांपुरता तरी एक साधा आकडा विचारायला काय हरकत होती, हे मला अजून समजलेले नाही. अनुवादही आणखी काळजीने करायला हवा होता. अडथळ्याच्या पर्यायांत ‘थोडासा’ आणि ‘काहीसा’ हे शेजारी-शेजारी येतात, आणि त्यांतील कोणता मोठा यावर आमच्या घरात खरोखर वाद झाला आहे. ‘बधिरपणा किंवा मुंग्या’ या जोडीत ‘हातातून वस्तू निसटते’ ही तक्रार कुठे बसवायची, हेही तिला सुचत नसे.

दुसरा दोष माणसांच्या नेमणुकीचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. या विषयावरील ज्या अभ्यासाचा सर्वांत अधिक उल्लेख होतो, तो न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात डॉ. ईथन बाश यांच्या नेतृत्वाखाली झाला. शरीरात पसरलेल्या कर्करोगावर केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींना बारा लक्षणांची नोंद संगणकावर करायला दिली गेली आणि इतरांची नेहमीप्रमाणे देखभाल झाली. लक्षण दोन पायऱ्यांनी बिघडले किंवा तीव्र पातळीला पोहोचले, की परिचारिकेला आपोआप ईमेल जाई, आणि अशा ७७ टक्के सूचनांवर परिचारिकांनी फोनवरून सल्ला, औषधात बदल किंवा अन्य काही प्रत्यक्ष कृती केली. नोंद करणाऱ्या गटातील ३४ टक्के रुग्णांना आपत्कालीन विभागात जावे लागले, दुसऱ्या गटातील ४१ टक्के रुग्णांना. आणि पहिला गट सरासरी ८.२ महिने केमो घेऊ शकला, दुसरा ६.३ महिने. २०१७ मध्ये याच रुग्णांच्या आयुर्मानाचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो कालावधी) ३१.२ महिने विरुद्ध २६ महिने असा फरक निघाला. पाच महिन्यांचा हा फरक एखाद्या नव्या औषधाने दाखवला असता, तरी त्याची मोठी वाखाणणी झाली असती. प्रश्नावलीच्या बाजूने बोलणारे लोक हे आकडे सांगतात आणि ७७ टक्क्यांचा आकडा बहुधा गाळतात. माझ्या मते साऱ्या अभ्यासाचे मर्म तिथेच आहे. कोणी वाचत असेल आणि वाचून फोन उचलत असेल, तर प्रश्नावलीचा उपयोग आहे.

आकड्यांबाबत प्रामाणिक राहायचे, तर पुढची हकिकतही सांगायला हवी. तोच प्रयोग ‘प्रो-टेक्ट’ या नावाने अमेरिकेतील ५२ केंद्रांत १,१९१ रुग्णांवर झाला. त्यात रुग्णांनी अपेक्षित साप्ताहिक नोंदींपैकी ९१.५ टक्के भरल्या, आणि शारीरिक क्षमता, लक्षणांवरील नियंत्रण व जीवनमान यांत सुधारणा दिसली. हे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. परंतु २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांत दोन गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. म्हणून ‘ही नोंद केल्याने आयुष्य वाढते’ असे सरसकट आश्वासन देणाऱ्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नये. माझ्या पत्नीसारख्या, बरे होण्याच्या उद्देशाने उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या अधिक जवळचा अभ्यास इंग्लंडमधील लीड्स येथील ‘ई-रॅपिड’ हा आहे. त्यातील ५०८ रुग्णांपैकी नोंद करणाऱ्यांना सहाव्या आणि बाराव्या आठवड्यांत शारीरिकदृष्ट्या अधिक बरे वाटले, अठराव्या आठवड्यापर्यंत फरक उरला नाही, आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही बदलले नाही. हा लाभ मर्यादित आहे, पण केमोच्या पहिल्या तीन महिन्यांत थोडे बरे वाटणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते महिने काढले आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. त्या सेवेची एक गोष्ट आमच्याकडे असायला हवी होती. तिथे सौम्य लक्षण नोंदवले की घरी काय करावे याचा सल्ला पडद्यावर लगेच येई, आणि गंभीर लक्षण नोंदवले तर रुग्णालयाला फोन करण्याची सूचना रुग्णालाच मिळे. हिरव्या खुणेच्या जागी एवढे एक वाक्य आले असते, तर आमचा तो शुक्रवार वेगळा गेला असता.

वयस्कर माणसांना हे जमणार नाही, असा आक्षेप अनेकदा ऐकू येतो. न्यूयॉर्कच्या अभ्यासात संगणकाची सवय नसलेल्या रुग्णांना जीवनमानाच्या बाबतीत उलट अधिक लाभ झाला होता, आणि ‘प्रो-टेक्ट’मध्ये इंटरनेट नको असलेल्यांना स्वयंचलित फोनवर आकडे दाबून उत्तरे देता येत होती. आमच्या सेवेत तशी सोय नव्हती. अक्षरे मात्र मोठी होती, पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नव्हता आणि प्रश्नावली पाच मिनिटांत संपत असे, ही जमेची बाजू.

ज्या तीन मंगळवारी तिने नोंद केली नाही, ते तीनही दिवस तिच्यासाठी सर्वांत वाईट होते. अंथरुणातून उठण्याची ताकद नसलेला माणूस आपल्याला ताकद नाही असे मोबाइलवर कसे नोंदवणार? सेवेने त्या वेळी दोन स्मरण-संदेश पाठवले आणि विषय सोडून दिला. नियमाने भरणाऱ्या रुग्णाची नोंद एकाएकी थांबणे हेच एक लक्षण मानून फोन केला जावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे. एकदा तिच्या वतीने मीच उत्तरे भरली, नंतर तिने ती वाचली आणि म्हणाली, "एवढं काही नव्हतं हो." वेदना आणि थकवा हे दोन्ही मी एकेक पायरी वर चढवून ठेवले होते. जवळच्या माणसाची भीती उत्तरांत उतरते, तेव्हा शक्य असेल तोवर रुग्णानेच भरावे हे बरे.

आठ भेटींपैकी पाच भेटींत डॉक्टरांनी आलेख उघडला. उरलेल्या तीन वेळा तो उघडण्याची आठवण आम्ही केली नाही, हा आमचाही दोष मानतो. तो अहवाल फाइलच्या मुख्य पानावर न दिसता वेगळ्या ठिकाणी वेगळा पासवर्ड घालून पाहावा लागतो, असे तिथल्या सिस्टरकडून नंतर कळले; आणि गर्दीच्या ओपीडीत वेगळा पासवर्ड म्हणजे बंद दार.

युरोपच्या ‘एस्मो’ या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये औषधोपचार चालू असलेल्या रुग्णांच्या लक्षणांची अशी डिजिटल नोंद नित्याच्या उपचारांत घेण्याची शिफारस केलेली आहे, आणि अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय योजनेतील कर्करोगविषयक नव्या पद्धतीत, २०२३ पासून, सहभागी केंद्रांनी ती टप्प्याटप्प्याने सुरू करणे अपेक्षित आहे. म्हणजे अशी लिंक येत्या काळात अनेकांच्या मोबाइलवर येणार आहे. ती आली तर जरूर स्वीकारावी, असेच मी सांगेन. परंतु पहिल्याच दिवशी परिचारिकेला विचारून घ्यावे, की नोंद कोण वाचते, किती तासांत वाचते आणि सुट्टीच्या दिवशी वाचते का. उत्तर अडखळत आले, तर तातडीचा क्रमांक दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर चढू लागला, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर प्रश्नावली उघडण्यात एक मिनिटही घालवू नये. तिथे फोनच करायचा असतो. आमच्या तक्रारीनंतर नोंद पूर्ण केल्यावर येणाऱ्या वाक्यात ‘ही नोंद कामकाजाच्या दिवशीच पाहिली जाते’ अशी भर पडली आहे. शनिवार-रविवारसाठी नेमणूक अद्याप झालेली नाही.

आठवी सायकल संपली त्या आठवड्यात मंगळवारची लिंक येणे बंद झाले. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने उपचार संपले होते. ऑक्सालिप्लॅटिनचा बधिरपणा मात्र औषध थांबल्यानंतरही काही महिने वाढत राहू शकतो, आणि तिच्या तळपायांत तो त्याच सुमारास सुरू झाला. मी फोन करून विचारले, तेव्हा अशी सोय नाही असे उत्तर मिळाले; आठवडाभराने डॉक्टरांनी स्वतः सांगितल्यावर महिन्यातून एकदा केवळ तीन प्रश्नांची नोंद चालू झाली. गेल्या मंगळवारी तिने हातांपुढे ‘सौम्य’ लिहिले आणि पायांपुढे ‘मध्यम’, आणि यावेळी सिस्टरचा फोन त्याच दुपारी आला.